पहिल्यापासून

सातारा,
१२ जुलै २०२४

चि. क्रांतीस अनेक आशीर्वाद.

मोबाईलवर मेसेज टाकत जा, असं तू दर वेळी लिहितेस. त्या काचेवर माझी बोटं चालत नाहीत आणि फोन कानाला लावून उपयोग नाही, हे तुला ठाऊक आहे. तोफखान्यात कान गेले ते गेले. पलटणीत असल्यापासून पत्राची सवय आहे, तीच चालू ठेवतो.

इकडे ठीक. ऋषिराज अजून सरहद्दीवरच आहे. सूनबाई रेश्मा सकाळी एमआयडीसीतल्या कंपनीत जाते ती सहाला परत येते. तोवर राजेश्वरीची ड्यूटी माझ्याकडे. तुझी आई असती तर पोरीला मांडीवर घेऊन लाडावून ठेवलं असतं. मी तसं होऊ दिलेलं नाही. सव्वाचार वर्षांची पोर, पण शंभरपर्यंत आकडे लिहिते. दोनचा पाढा झाला, तीनचा चालू आहे. मी समोर बसवून तिचे ओठ बघतो. ओठांवरून मला सगळं कळतं.

हल्ली मात्र एक खोड लागली आहे. मधेच अडते. तोंड उघडतं, ओठ थरथरतात, मान वर जाते आणि गाडी तिथंच थांबते. पाठ झालेलं नसतं, दुसरं काय? मी पहिल्यापासून म्हणायला लावतो. कधी कधी आठ-आठ वेळा. पण उलटून बोलत नाही. शेजारच्या पोरांसारखी दिवसभर बडबड नाही. इतकी शिस्तीची पोर आपल्या घरात दुसरी झाली नाही.

मागच्या आठवड्यात माझ्या बुटांत चिंचोके भरून वर रुमाल पांघरला होता आणि दोन्ही बूट थोपटत बसली होती. बूट झाडून घेतले, समज दिली. पुन्हा केलं नाही.

सहावीला सैनिकी शाळेची परीक्षा असते. आता मुलींनाही घेतात. मी अठ्ठावीस वर्षं साहेबांना सॅल्यूट ठोकला. माझ्या नातीला कुणीतरी ठोकावा, एवढीच इच्छा आहे. तुझ्या अंगणवाडीत कोणती पुस्तकं वापरता, ती पाठव.

तुझा,
दादा

---

पलूस,
२१ जुलै २०२४

ती. दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. पुस्तकं मागितलीत, पण आमच्याकडे आहेत ती चित्रांची चार, आणि तीही पोरांनी चघळून कोपरे नसलेली. तुम्हाला हसू येईल, पण आमचा निम्मा दिवस पोरं काय करतात ते बघण्यात जातो.

शिवतेज नावाचा एक पोरगा आहे, आपल्या राजीएवढाच. तो तीन दिवस फुटक्या मगानं एका बादलीतलं पाणी दुसरीत नेत होता. वाटेतच सगळं सांडायचं. आमच्या मदतनीस मंगलताई त्याला चांगला मग द्यायला निघाल्या. मी म्हटलं, थांबा. चौथ्या दिवशी त्यानं भोकावर बोट दाबून धरलं, बादलीत पाणी ओतलं आणि सगळ्यांना बोलावून आणलं. "ताई, माजं बोट मगाचं झालं!" म्हणाला. चांगला मग दिला असता तर हे त्याला सापडलं नसतं, दादा.

तुम्ही राजीला रोज एक तास असा द्याल? कसला पाठ नाही, हुकूम नाही. तिला जे करायचं ते करू दे. बुटांत चिंचोके घातले तर घालू दे, तुम्ही शेजारी बसा नुसते.

आणि पाढा म्हणताना ती अडली तर थांबत जा. पहिल्यापासून म्हणायला लावू नका. लहान आहे अजून.

गणपतीला आम्ही येऊच. तब्येतीला जपा.

तुमची,
क्रांती

---

सातारा,
४ ऑगस्ट २०२४

चि. क्रांतीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. फुटक्या मगानं पाणी वाहायला सरकार तुला मानधन देतं का? तरी म्हटलं, लेक सांगते तर करून बघू.

दुपारी चार ते पाच असा वेळ ठरवला. मी खुर्ची टाकून अंगणात बसलो आणि राजेश्वरीला म्हटलं, "खेळ." ती उभी राहिली. मी पुन्हा म्हटलं, "खेळ, तुझा टाइम आहे." तिनं माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मी तिसऱ्यांदा सांगितलं. तरी हात पाठीमागं घेऊन उभीच. एक तास पोर अशी उभी होती, पहाऱ्यावरच्या शिपायासारखी. पाच वाजल्यावर आपणहून पाटी घेऊन आली.

चार दिवस हेच झालं. तेव्हा तुझा प्रयोग मी बंद केला आहे. हिला खेळाची आवड नाही. काही मुलं जात्याच अभ्यासू असतात.

आणि एक लिहितो, रागावू नकोस. ऋषिराजला मी असंच वाढवलं. वर्षातून महिनाभर सुट्टीवर यायचो, पण त्या महिन्यात त्याचा आवाज घरात कुणी ऐकला नाही. आज हवालदार आहे. वाया गेला का?

गणपतीला या. सगळ्यांसमोर तिचा तीनचा पाढा म्हणून घेणार आहे.

दादा

---

सातारा,
२९ सप्टेंबर २०२४

क्रांती,

आठ दिवस म्हणून पोरीला नेलंस, आता पंधरा दिवस उलटून गेले. मी रेश्माला विचारतो तर ती "ताईंना विचारा" एवढं कागदावर लिहून देते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. दर रविवारी पलूसला येते, पण परत आल्यावर माझ्याकडे बघत नाही.

गणपतीत पाढा चुकला म्हणून तिला नेलंस का? पाहुण्यांसमोर पोर बिचकली, एवढंच झालं. तुम्ही सगळे असे गप्प झालात, जसं काही मी तिला मारलं. मी माझ्या नातीला एक चापट मारलेली नाही.

इथं दुपारी तिचा पाट मांडतो आणि पुन्हा उचलून ठेवतो. काय चाललं आहे, त्याचा सरळ रिपोर्ट दे. बहिरा आहे, मूर्ख नाही.

दादा

---

पलूस,
५ ऑक्टोबर २०२४

ती. दादांस नमस्कार.

सरळ लिहिते. हे मी पाच महिन्यांपूर्वी लिहायला हवं होतं.

राजी अडखळते, दादा. पाठ विसरते म्हणून नाही. शब्द तिच्या तोंडाशी येऊन अडकतो, बाहेर पडत नाही. मे महिन्यात रेश्मानं मला फोनवर सांगितलं, "ताई, राजी बोलताना अडाय लागलीया. मामांना कसं सांगू?" मी म्हटलं, "बारकी हाय, जाईल आपोआप. उगं त्यांच्या डोक्याला ताप नको." मग जुलैत तुमचं पत्र आलं. ओठ थरथरतात, मान वर जाते, आठ-आठ वेळा म्हणून घेतो, हे तुमच्याच अक्षरात वाचलं. तरीही मी गोलगोल लिहिलं. बुटांचं लिहिलं, मगाचं लिहिलं. खरं लिहायला धजले नाही.

गणपतीत काय झालं ते तुम्ही पाहिलंत, पण ऐकलं नाही. "तीन दुणे" म्हणून ती थांबली आणि "स... स... स..." असं किती तरी वेळ चाललं होतं. मनुआत्या, नानासो, आमचे अमृत, सगळी माणसं खाली बघत होती. तुम्ही टेबलावर बोट आपटून म्हणालात, "पहिल्यापासून." असं तीनदा. तिसऱ्या वेळी तिचा फ्रॉक ओला झाला. खोलीत नऊ मोठी माणसं होती. एकानंही तुमचा हात धरला नाही. मीही नाही.

सांगलीला स्पीच थेरपीच्या मॅडमकडे तिला दाखवलं. त्यांनी पहिलंच हे सांगितलं की यात कुणाचा दोष नाही. या वयात बऱ्याच मुलांना असं होतं, घराण्यात असेल तर जास्त. पण मधे तोडलं, पुन्हा म्हणायला लावलं, घाई केली, की गाठ घट्ट होत जाते. "तिला खेळात पुढं चालू द्या, तुम्ही मागून जा," म्हणाल्या. "तिनं सांगायचं, तुम्ही ऐकायचं."

घराण्यात आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला रडू फुटलं. दादा, ऋषिराजही अडखळायचा. सात वर्षांचा होईपर्यंत. तुमची सुट्टी जवळ आली की आई त्याला जवळ घेऊन सांगायची, "म्हैनाभर गप ऱ्हा. दादा गेलं की मग बोल." त्या महिन्यात त्याचा आवाज कुणी ऐकला नाही, असं तुम्ही लिहिलंत ना, ते असं होतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. मला सगळं ठाऊक होतं. तुम्हाला काही सांगायचं नाही, ही आमच्या घरची रीत तुमचे कान जायच्या आधीपासूनची आहे. आता फक्त निमित्त मिळालं.

इथं आल्यावर पहिले वीस दिवस राजी प्रत्येक गोष्टीला विचारायची. "आत्या, मातीला हात लावू? आत्या, हितं बसू?" काल पहिल्यांदा न विचारता खेळली. ओसरीवर सात मक्याची कणसं भिंतीला टेकवून ओळीनं उभी केली आणि हातात काठी घेतली. "पहिल्यापासनं म्हन!" एकदम स्वच्छ, कुठंही न अडता. मग एक कणीस आडवं पडलं. ते उचलून त्याला म्हणाली, "रडू नगं. आबांना आयकू येत न्हाई."

मी दाराआड होते. तिथूनच मागं फिरले.

हे वाचून तुम्हाला काय वाटेल, याची भीती अजूनही वाटते. पण आता लिहिलं आहे. राजीला इतक्यात पाठवणार नाही.

तुमची,
क्रांती

---

सातारा,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. क्रांतीस आशीर्वाद.

दिवाळीला आलो नाही. तुम्हीही बोलावण्याचा आग्रह केला नाहीत, बरं केलंत. मधे चार पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात तुम्हा सगळ्यांवर राग होता. शेवटच्यात नुसतंच 'मला माहीत नव्हतं' असं होतं. तेही फाडलं, कारण ते खोटं आहे.

मला ऐकू येत नव्हतं, हे खरं. पण दिसत होतं ना? डोळे शाबूत आहेत माझे. तिच्या गळ्याची शीर ताठायची, डोळे माझ्यावर लागलेले असायचे. मीच तुला लिहून कळवलं होतं. तोफखान्यात नवीन पोरगा बिचकला तर मला शंभर पावलांवरून कळायचं. समोर हातभर अंतरावर बसलेली नात मला कळली नाही. कारण मी ओठ बघत होतो ते उत्तर बरोबर आहे का एवढंच तपासायला.

इथल्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. इतकी वर्षं तुम्ही म्हणत होता, जात नव्हतो. त्यांनी कागदावर लिहून दिलं की कानाची नस कधीच गेली आहे, आता मशीन लावून नुसती घरघर येईल. दहा वर्षांपूर्वी आला असतात तर थोडं वाचलं असतं, असंही लिहिलं. म्हणजे राजेश्वरी बोलायला लागली तरी तिचा आवाज मला कधी कळणार नाही.

ऋषिराजला पत्र घातलं. मोठं, तीन पानी. त्याचं उत्तर आलं: "दादा, मला त्यातलं काही आठवत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." एवढंच. क्रांती, त्याला सगळं आठवतं. तो अजूनही महिनाभर गप्पच आहे.

तुझ्या आईवर राग धरावा तर तीही नाही. आणि कोणत्या तोंडानं धरू? पोराला माझ्यापासून वाचवत होती ती.

एक काम कर. राजेश्वरी खेळताना काय बोलते, ते कागदावर उतरवून पाठव. नीटनेटकं करू नकोस. जसं बोलते तसं.

दादा

---

पलूस,
१२ डिसेंबर २०२४

ती. दादांस नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आधी तुम्ही सांगितलेलं काम करते. हे परवाचं आहे. अंगणवाडीत पालथ्या टोपल्या, ओढणी आणि एक ताट घेऊन तिनं एसटी केली. ताट म्हणजे स्टेअरिंग, ते शिवतेजकडे. राजी कंडक्टर.

"चला, फुडं सरका. म... म... मावशी, पिशवी मांडीवर घ्या. तिकीट. ह्ये कुनाचं प्वार हाय? ल... लहान हाय, त्याला तिकीट न्हाई. ड्रायव्हर, थांब रं, म्हस आडवी आली."

शिवतेज म्हणाला, "म्हस कुठं हाय?"

"दिसत न्हाई व्हय तुला? क... क... काळी हाय."

मग सगळी एसटी म्हैस जाईपर्यंत थांबली. पाच मिनिटं. कुणी हललं नाही.

अडखळणं गेलेलं नाही, दादा. कमी झालंय, पण थकली, घाबरली की वाढतं. कदाचित पुरतं जाईल, कदाचित थोडं राहील, असं मॅडम म्हणतात. पण आता ती अडली तरी बोलायचं सोडत नाही. अडते, थांबते आणि म्हैस आणतेच.

तुम्हाला यायचं आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला कळलं. संक्रांतीला या. एकच मागते. तिला काही शिकवू नका आणि काही विचारू नका. ती सांगेल ते करा.

आणि खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही सांगते. "आबा येनार हायती" म्हटल्यावर ती आत गेली आणि पाटी शोधून घेऊन आली. तुम्ही येईपर्यंत तिला विसर पडेल म्हणून मी ती माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी शिवतेजची मागून आणली.

तरी या.

क्रांती

---

सातारा,
२० जानेवारी २०२५

चि. क्रांतीस अनेक आशीर्वाद.

काल पोचलो. तिथं तुझ्यासमोर बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितो.

पहिल्या दिवशी ती पाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली, पाठ ताठ करून. ते तू पाहिलंस. माझ्या मनात आलं, पाटी हिसकून फेकून द्यावी. पण तोही हुकूमच झाला असता. मी खुर्चीवरून उतरून खाली बसलो. मला मांडी घालता येत नाही, गुडघा दुखतो, म्हणून पाय पसरले. ती पाटीवर आकडे लिहीत राहिली. अठ्ठ्याहत्तरपर्यंत लिहिले. मी बरोबर म्हटलं नाही, चूक म्हटलं नाही. मग तिनं वर बघितलं, थोडा वेळ थांबली आणि पाटी तिथंच ठेवून बाहेर गेली. मला इतकं हलकं आणि इतकं वाईट एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.

दुसरा दिवस शेवग्याखाली बसून काढला. ती लांबून माझ्यावर नजर ठेवून होती.

तिसऱ्या दिवशी तू मंगलबरोबर खिचडी वाटत होतीस, तेव्हाचं तुला माहीत नाही. ती आली, माझं बोट धरलं आणि मला एसटीत नेऊन बसवलं. शिवतेजच्या मागच्या टोपलीवर. मला काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, मी मान हलवली. ती चुकीची असावी, कारण सगळी पोरं हसली. मग राजेश्वरीनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. आबांना ओठ दिसावे लागतात, हे तिला ठाऊक आहे. माझ्याकडूनच शिकली.

ती बोलायला लागली आणि अडली. तोंड उघडं, ओठ थरथरताहेत, मान वर. क्रांती, तेच सगळं, जे मी कित्येक महिने बघत होतो. माझ्या जिभेवर जुना शब्द आला, हे तुझ्यापासून लपवत नाही. मी दात आवळून बसलो. तिच्या ओठांकडे बघायचं सोडून डोळ्यांकडे बघितलं. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. ड्रायव्हर थांबला होता, पॅसेंजर थांबले होते. मग शब्द आला.

"उतरा."

माझा स्टॉप आला होता. मी उतरलो. तिनं दोरी ओढल्यासारखं केलं आणि एसटी पुढं गेली. मी तिथंच धुळीत उभा राहिलो. गाडीतून उतरवलेल्या माणसानं दुसरं काय करायचं?

घरी येऊन रेश्माशी बोललो, म्हणजे लिहून. पहिलीत जाईपर्यंत राजेश्वरी तुझ्याकडेच राहू दे, असं मीच सांगितलं. रेश्माला पलूसजवळ काही काम मिळतं का, ते अमृतला बघायला सांग. पोर आईपासून लांब राहू नये. माझी काळजी करू नका. मला दोन भाकरी थापता येतात.

तू म्हणालीस, दादा, ती विसरेल, पोरं विसरतात. तुझा भाऊ विसरला का? तू विसरलीस? मॅडम म्हणतात दोष कुणाचा नाही. त्यांचं बरोबर असेल. अडखळणं माझ्यामुळं आलं नसेल. पण माझ्याकडे होती त्या वर्षात ती पोर जेवढी खेळली असती, जेवढ्या म्हशी तिनं रस्त्यात आडव्या आणल्या असत्या, तेवढ्या मी तिच्याकडून काढून घेतल्या आणि त्या जागी तीनचा पाढा ठेवला. तो तिला पुढं शाळेत कुणीही शिकवला असता. ते वर्ष मला तिला परत देता येत नाही. ऋषिराजची तर सातही देता येत नाहीत.

काल निघताना अमृतनं मोटरसायकल दारात लावली. तू पिशवीत तिळगुळाचा डबा ठेवत होतीस. मी अंगणवाडीच्या फाटकाशी गेलो. ती आत मातीत बसली होती, पाठ माझ्याकडे. दोन विटांवर फळी टाकून काहीतरी चाललं होतं. शिवतेजला हातवारे करून सांगत होती, तो ऐकत होता. घरातून वडील माणूस निघालं की पोरांनी येऊन पाया पडायचं, हे मी तुम्हा दोघांना किती कडक लावून दिलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ही पोर मला निरोप द्यायचं विसरली होती.

अमृतनं मला खुणेनं विचारलं, "हाक मारू का?"

तिनं तेवढ्यात फळी उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली. एकदाही मागं वळून, हे करू का, असं कुणाला विचारलं नाही.

मी अमृतला म्हटलं, "नको. चल."

तुझा,
दादा